दुसऱ्या मजल्यावरची टांकसाळ

मी ग्लासगोतल्या एका वित्तसंस्थेत जोखीम मोजायचं काम करते. म्हणजे दुसऱ्यांच्या आकड्यांत कुठे पाणी मुरतंय ते हुडकायचं आणि त्यावर लांबलचक ईमेल लिहायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्ही विचारणारच की हिला नोकरी दिली कोणी.

आमची इमारत शहराच्या पार्टिक भागातली, तांबड्या दगडाची. मधला समाईक जिना, त्याला इथे क्लोज म्हणतात, आणि जिन्याच्या दोन्ही बाजूंना फ्लॅट. त्यातल्या चारच घरांत लहान मुलं होती. तळमजल्यावर बसड्रायव्हर आणि त्याची बायको, दोघं इथलीच, त्यांना दोन मुलगे. दुसऱ्या मजल्यावर आम्ही: मी, भूलतज्ज्ञ नवरा आणि चार वर्षांची मुलगी. आमच्या समोरच्या दारात एक इटालियन बाई, सहा वर्षांच्या मुलाला घेऊन एकटी राहणारी, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत संशोधन करणारी. आणि तिसऱ्या मजल्यावर जर्मन जोडपं, जुळ्या मुलींसह. ड्रायव्हरला आम्ही घरात ड्रायव्हरकाका म्हणायचो, इटालियन बाईला आमची मुलगी मावशी म्हणायची. जर्मनाला मात्र काका म्हणायला कोणाची जीभ रेटेना, तो जर्मनच राहिला.

चारही घरांत एकाच गोष्टीचा दुष्काळ होता, संध्याकाळी मुलांजवळ बसणाऱ्या माणसाचा. आमचे आईवडील पुण्यात, मावशीचे इटलीत, जर्मनांचे जर्मनीत. ड्रायव्हरकाकाची आई तासाभरावर लार्ग्सला होती, पण ती फोनच उचलायची नाही. बेबीसिटरचा ताशी दर ऐकून माझा नवरा म्हणाला होता, "मी भूल द्यायचं सोडतो आणि हेच करतो."

तेव्हा कूपनांची कल्पना निघाली. एक कूपन म्हणजे एक तास. तुम्ही माझ्या मुलीजवळ तीन तास बसलात की मी तुम्हाला तीन कूपनं देणार, ती देऊन तुम्ही दुसऱ्या कोणाला तरी तुमच्या घरी बसवायचं. चार देशांची माणसं आणि एकच चलन. मागच्या अंगणात कचऱ्याच्या डब्यांपाशी उभं राहून आम्ही हे दहा मिनिटांत ठरवलं, आणि मला इतका आनंद झाला की मी पुठ्ठ्यांचा डबा सोडून भलत्याच डब्यात पुठ्ठे टाकून आले.

छपाई माझ्याकडे आली, कारण मुलीची बाराखडी टिकावी म्हणून मी लॅमिनेटर घेतला होता. शिवाय जर्मन म्हणाला, "तुम्ही या विषयातल्या तज्ज्ञ आहात." इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असलं, तरी त्याचं बोलणं मला नेहमी 'तुम्ही'तच ऐकू यायचं. प्रत्येक घराला वीस कूपनं द्यायची, एकूण ऐंशी, जास्त नाहीत आणि कमी नाहीत, असं त्याने दोनदा सांगितलं. मुलीने कूपनावर हत्ती काढला. तो किटलीसारखा दिसत होता, पण चलनाला चित्र लागतं, आणि खोटं कोणी करणार नाही इतका तो वेडावाकडा होता.

मी चार पाकिटं केली आणि प्रत्येकात एकवीस घातली.

यात मला काहीही वावगं वाटलं नाही. वाटण्याआधी हातानेच ते केलं. वीस कशी देणार? आपल्याकडे लग्नात कोणी नुसते शंभर दिलेत का कधी? आहेराची पाकिटं वर रुपयाचं नाणं चिकटवूनच विकायला येतात. देताना वर एक ठेवायचा, म्हणजे देणं तिथे संपत नाही, हे मला कोणी शिकवलेलंही आठवत नाही. कोणाचं हरवलं तर असू देत म्हणून मी दोन-तीन जादा कागद लॅमिनेट करून ठेवलेच होते. ते चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये पडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जर्मन दारात. हातात एक कूपन. "एक जास्त आलं होतं," तो म्हणाला.

"राहू द्या की."

"पण वीस ठरली होती."

माझा शकुनाचा एक आजवर कोणी परत केला नव्हता. मी दार लावलं आणि नवऱ्याला म्हटलं, "काय कोरडा माणूस आहे." नवरा नाइट ड्यूटी करून झोपला होता, त्याने झोपेतच हो म्हटलं. बाकी दोन घरांनी एकवीस मोजलीच नाहीत.

पहिल्या महिन्यातच कळलं की चलन एक असलं तरी खिसे चार देशांचे आहेत. जर्मनाने आपली कूपनं प्लास्टिकच्या खिशांच्या फाइलमध्ये लावली आणि तो कुठे जाईचना. दुसऱ्यांच्या मुलांजवळ यायला मात्र एका पायावर तयार. त्याच्या पणजीने भयंकर महागाईच्या काळात पियानो विकला, आणि पैसे हातात पडेपर्यंत त्यात जेमतेम पावाची एक लादी येत होती. ही गोष्ट त्याने मला केक खाता खाता सांगितली, अगदी शांतपणे, आणि मला त्याची फाइल थोडी समजली. पण मग त्याच्या डोक्यातला उपाय मला समजेना. पैशाची किंमत पडते म्हणून हा पैसा धरून ठेवणार?

मावशीचं उलट. तिच्या लहानपणी घरात कोणी पैसा पडून राहू द्यायचं नाही, कारण पडून राहिला की आटायचा. वॉशिंग मशीनची किंमत वाढणार असं नुसतं कानावर आलं की तिची आई त्याच दुपारी जाऊन मशीन घेऊन यायची. मावशीने तीन आठवड्यांत कूपनं संपवली. इथल्या सामुदायिक नाचाला, केलीला, गेली, सिनेमाला गेली, एकदा तर नुसतीच नदीकाठी जाऊन बसली. मग ती मला म्हणाली, पुढच्या महिन्यात कमवेन त्यातली थोडी आत्ता उसनी मिळतील का? जर्मन म्हणाला, पुढचा महिना अजून झालेला नाही.

ड्रायव्हरकाका आपली कूपनं पाकिटात स्कॉटिश नोटांशेजारी ठेवायचा. "आम्हाला सवय आहे," तो म्हणायचा. "नावाला एकच पाउंड. पण इथल्या बँकेने छापलेली नोट घेऊन दक्षिणेला इंग्लंडात जा, दुकानदार ती उजेडात धरतो, वास घेतो आणि मॅनेजरला हाक मारतो." मी खदखदून हसले, कारण लंडनजवळ वॉटफर्डला मामेबहिणीकडे गेले असताना कोथिंबिरीच्या दोन जुड्यांसाठी माझ्या स्कॉटिश नोटेचं अगदी हेच झालं होतं. दुकानदार गुजराती होता, मी मराठी, नोट ग्लासगोची, आणि दोघांचाही त्या नोटेवर म्हणावा तसा विश्वास नव्हता.

तर महिनाभरात सगळं ठप्प झालं. फाइलवाला फाइल उघडेना आणि संपलेलीला कमवायला काम मिळेना, कारण कोणी घराबाहेरच पडत नव्हतं. आमचं मात्र चालू होतं. नवऱ्याच्या ड्यूट्या, माझ्या ऑफिसच्या मीटिंग्ज, त्यामुळे आम्हाला माणूस लागायचंच. बहुतेक वेळा मावशी यायची, मुलाला घेऊनच. ती तीन तास बसली की मी तिला चार कूपनं द्यायची. ड्रायव्हरकाकाची बायको दोन तास बसली की तीन. वरचं एक चमच्यांच्या ड्रॉवरमधून. कागद संपले की मी अजून काढायची.

पुण्याहून आई व्हिडिओ कॉलवर विचारायची, "अगं, त्या बसतात त्यांना काय देतेस?"

"कूपन."

"नुसतं कूपन?"

"वर एक देते गं."

"मग हरकत नाही."

आणि हळूहळू जिना जागा झाला. मावशीकडे कूपनं आली, ती तिने लगेच उधळली, त्यातली ड्रायव्हरकाकाकडे गेली, तो सहा वर्षांत पहिल्यांदा बायकोला घेऊन नाचायला गेला आणि दुसऱ्या दिवशी लंगडत बस चालवायला गेला. आम्ही नवराबायको सिनेमाला गेलो आणि दोघंही गाढ झोपलो, काय सुख होतं ते. प्रत्येक फेरीत दोन-चार कूपनं वर जर्मनाच्या फाइलमध्ये जाऊन बसायची, पण तरी खाली पुरेशी उरायची. मला वाटायचं, माणसं एकमेकांना सरावली. मी ऑफिसात सगळ्यांना आमच्या क्लोजबद्दल सांगत सुटले होते, अगदी बढाया मारत.

आठ महिन्यांनी एका रविवारी दुपारी जर्मनाने सगळ्यांना कूपनं घेऊन चहाला बोलावलं. मोजून घेऊ म्हणाला, वर्षातून एकदा मोजावं. सगळ्यांनी टेबलावर ढीग घातले. त्याच्याकडे चव्वेचाळीस निघाली, ड्रायव्हरकाकाकडे एकतीस, मावशीकडे एकोणतीस, आमच्याकडे सात.

"एकशे अकरा," जर्मन म्हणाला. "आपण ऐंशी छापली होती."

एकशे अकरा. आहेराला अगदी शोभणारा आकडा. मला पहिल्यांदा हसू आलं, आणि ते ओठांपर्यंत येताच आठवलं. चमच्यांचा ड्रॉवर.

तोवर त्याने एक तक्ता पुढे केला होता. कोण किती तास बसलं, कोण किती वेळा बाहेर गेलं. "मी कोणावर आरोप करत नाही," तो म्हणाला, "मी फक्त तक्ता दाखवतोय." तक्त्यात एकच ओळ डोळ्यांत भरत होती. सगळ्यांत जास्त वेळा बाहेर गेलेली बाई, जिच्याकडे काही उरायलाच नको होतं, तिच्याजवळ एकोणतीस कूपनं होती. कोणी मावशीकडे बघितलं नाही. सगळे तक्त्याकडे इतके निरखून बघत होते की तिला ते कळलंच असणार.

"मी साठवली आहेत," ती म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा. गुरुवारसाठी, आणि नंतर लागली तर म्हणून."

गुरुवारचं सगळ्यांना माहीत होतं. तिचा प्रयोगशाळेतला करार पुढच्या महिन्यात संपत होता. एडिंबरातल्या एका लॅबमध्ये दिवसभराची मुलाखत होती, आणि ती नोकरी मिळाली नाही तर बाडबिस्तरा उचलून आईवडिलांच्या गावी परत जायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं. तिचा मुलगा इटालियन मोडकीतोडकी आणि ग्लासगोची बोली अस्सल बोलायचा. त्यात नेमकी गुरुवारी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी शाळा बंद. तिने जर्मनालाच बारा तासांसाठी ठरवलं होतं, कारण गुरुवारी तो घरून काम करायचा.

"हा घोळ निस्तरेपर्यंत सगळी कूपनं बाद," जर्मन म्हणाला. "आधी ठरलेलीसुद्धा. नियम सगळ्यांना सारखा. बुधवारी सहाला परत भेटू."

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. मी केकचा उरलेला तुकडा खाल्ला आणि छान झालाय म्हणाले.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो हसायला लागला आणि थांबेना, शेवटी त्याला खाली बसावं लागलं. "म्हणजे तू आठ महिने नोटा छापतेयस? तू? रिस्कमध्ये असून?"

"मी छापत नव्हते. वर एक देत होते."

"अगं, सगळ्या सेंट्रल बँका हेच म्हणत असतील." मग तो गंभीर झाला. "पण तू सांग त्यांना. आत्ता जाऊन सांग. ती बिचारी फुकट सस्पेक्ट होतेय."

"सांगते."

सोमवारी सांगितलं नाही. सोमवारी मी गुरुवारची रजा मागितली, म्हटलं मीच बसेन त्या मुलाजवळ, म्हणजे बोलायची वेळच येणार नाही. पण गुरुवारी माझंच प्रेझेंटेशन होतं. विषय होता, आपल्या यंत्रणेतल्या न दिसणाऱ्या चुका. बॉस म्हणाली, "हे तुझ्याइतकं चांगलं कोणालाच मांडता येणार नाही." मंगळवारी मावशी जिन्यात भेटली, आम्ही हवेबद्दल बोललो. मला स्वतःची लाज वाटत होती आणि तरी तोंड उघडत नव्हतं. खरं कारण इतकं क्षुल्लक होतं की लिहायलाही संकोच वाटतो. तो जर्मन मला तज्ज्ञ म्हणाला होता, आणि मला तज्ज्ञ राहायचं होतं.

बुधवारी सहाला सगळे पुन्हा त्याच टेबलाभोवती. मावशी कोट न काढताच बसली. जर्मनाने घसा साफ केला, तेवढ्यात मी म्हटलं, "ती माझी आहेत. वरची सगळी. मी दिली."

मग मी आहेर समजावून सांगितला. भूलतज्ज्ञ, ड्रायव्हर, दोन जर्मन, एक इटालियन, आणि मी हातवारे करून सांगतेय की शंभर म्हणजे पूर्णविराम आणि एकशे एक म्हणजे चालू राहू दे. ड्रायव्हरकाकाची बायको डोळे पुसत हसत होती.

"एकूण किती दिली?" जर्मनाने विचारलं.

"मोजली नाहीत."

"मोजली नाहीत?"

"ती मोजायची नसतात."

तो माझ्याकडे बघत राहिला. फसवणूक त्याला समजली असती, त्याच्यासाठी तक्त्यात रकाना करता आला असता. हे त्याच्या कुठल्याच रकान्यात बसेना. मला त्याची फार दया आली आणि त्याच वेळी असं हसू फुटलं की मी टेबलाखाली वाकून चपला नीट केल्याचं सोंग केलं.

"थांबा थांबा," ड्रायव्हरकाका म्हणाला. "म्हणजे चाललं ते हिच्यामुळे. पहिल्या महिन्यात आठवतंय का? मेलेलं होतं सगळं. ही वर एक द्यायला लागली तेव्हा मी बायकोला घेऊन बाहेर पडलो. हिने छापली नसती तर सगळी कूपनं याच्या फाइलमध्ये जाऊन झोपली असती."

"फाइलमध्ये चव्वेचाळीस आहेत," जर्मनाची बायको म्हणाली. ती फारशी बोलत नसे, म्हणून सगळ्यांनी तिच्याकडे माना वळवल्या. "चव्वेचाळीस तास. आणि आपण आठ महिन्यांत एकदाही बाहेर गेलेलो नाही."

जर्मनाने फाइल मिटली. मग तो मावशीकडे वळला. "मी तुमच्यावर आरोप केला नव्हता."

"केला होतास," त्याची बायको म्हणाली.

त्याने मिटलेली फाइल बाजूला सरकवली. "हो," म्हणाला. "केला होता. चुकलं माझं."

त्यानंतर एकतीस जादा कूपनं कोणाकडून काढून घ्यायची यावर अर्धा तास वाद झाला. चार देश आपापल्या सवयीने भांडले. जर्मनाचं म्हणणं, ज्याच्याकडे जास्त त्याने जास्त द्यावीत, म्हणजे आधी त्यानेच. ते बघून मला तो जरा आवडायला लागला. ड्रायव्हरकाका म्हणे, आहेत तशी राहू द्या, दक्षिणेला न्यायची थोडीच आहेत. मी म्हटलं, मी परत घेते, तर सगळे एका सुरात नको म्हणाले. माझा छापण्याचा अधिकार तिथेच गेला. शेवटी मावशीने कोटाच्या खिशातून आपली सगळी एकोणतीस काढून टेबलावर टाकली.

"घ्या," ती म्हणाली. "मला उद्या कूपनं नकोत. मला उद्या एक माणूस पाहिजे, सकाळी साडेसहाला."

"ते ठरलेलं आहे," जर्मन म्हणाला. त्याने डायरी उघडून तिच्यासमोर धरली. गुरुवार, साडेसहा, पेनने लिहिलेलं. "कूपनं बाद झाली होती. डायरीतलं मी कधीच खोडत नाही."

गुरुवारी सकाळी तो सहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी तिच्या दारात उभा होता, बगलेत लॅपटॉप आणि हातात डबा. मी आमच्या दाराच्या भोकातून बघितलं. मावशी एक बूट पायात आणि एक हातात अशी जिना उतरली.

संध्याकाळी परतीच्या ट्रेनमध्येच तिला फोन आला. तिने खालच्या दारातूनच जिन्यात ओरडून सांगितलं, आधी इटालियनमध्ये, मग इंग्रजीत, आणि चारही दारं उघडली. ड्रायव्हरकाका बनियनवर बाहेर आला. तिचा मुलगा कठड्यावरून घसरत खाली गेला, त्याच्यामागे जर्मन, धाप लागलेला, कागदाचा मुकुट घातलेला, बारा तास कोणता तरी राजा होऊन बसलेला. माझी मुलगी काही न कळता नाचत होती. मी आणि नवरा जिन्यातच बसून हसत होतो, पोट दुखेपर्यंत. मला वाटलं, सुटलो, सगळं व्यवस्थित झालं.

शुक्रवारी मावशी माझ्याकडे कॉफी प्यायला आली. एडिंबराला घर शोधावं लागणार होतं, इथला फ्लॅट सोडावा लागणार होता. ती जाणार हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पुन्हा त्या एकशे अकराची नक्कल करायला लागले, जर्मनाचा चेहरा वगैरे, आणि तीही हसली. मग हसता हसता थांबली.

"तुला रविवारीच कळलं होतं ना?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

"मी चार दिवस रोज ती कूपनं काढून मोजत होते," ती म्हणाली. "मला वाटायला लागलं होतं, की कदाचित मी खरंच काहीतरी केलं असेल आणि मला आठवत नसेल."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी सॉरी म्हणाले, दोनदा. तिने मान हलवली, कप खाली ठेवला आणि विचारलं, शनिवारी माझ्याबरोबर घर बघायला येशील का? मी हो म्हणाले, आणि मग मला रडू आलं.